शरद, तुझी कॅमॅरो मला नको

शरद,

इथल्या मराठी मंडळाच्या संक्रांत अंकात तुझ्यावर दोन पानं लिहायला मला सांगितलंय. जोशीकाकांचा फोन आला होता. म्हणाले, "प्रकाशराव, तुम्ही त्याचे सगळ्यात जवळचे. मनापासून लिहा, फक्त जरा गोड लिहा. तिळगुळाचा अंक आहे." मी बरं म्हणून फोन ठेवला. गोड लिहिणं मला जमणार नाही हे तेव्हाच सांगायला हवं होतं. आता हे छापायचं की फाडायचं ते त्यांचं त्यांनी ठरवावं.

तुला जाऊन महिना होत आला. मी अजून रडलेलो नाही. सुजाताला त्याचीच काळजी लागलीय. ती रोज माझ्या तोंडाकडे बघते आणि चहा समोर ठेवते. मला रडू येत नाही, शरद, संताप येतो. जानेवारीतल्या गाड्यांच्या शोमध्ये तुला सगळ्यांसमोर चार शब्द सुनवायचे, असं मी वर्षभर ठरवून ठेवलं होतं. वाक्यंसुद्धा पाठ केली होती. आणि तू डिसेंबरातल्या एका साध्या मंगळवारी कंपनीच्या पार्किंगमध्ये छातीला हात लावून खाली बसलास तो उठलाच नाहीस. तुला नेहमीच शेवटचा शब्द आपला लागायचा.

तेराव्याच्या दुसऱ्या दिवशी नीलावहिनींनी बोलावून घेतलं. तुमच्या गराजमध्ये तुझी नारिंगी कॅमॅरो चादरीखाली उभी होती. वहिनींनी चावी माझ्या हातात ठेवली आणि वर एक तपकिरी फाइल. "उन्हाळ्यात एकदा छातीत दुखलं तेव्हाच त्यांनी सांगून ठेवलं होतं. गाडी प्रकाशला द्यायची, फाइलसकट. मी उघडून बघितली नाही." शेजारी तुझी रेणू उभी होती. सोळा वर्षांची पोर, डोळे सुजलेले. ती म्हणाली, "काका, शो संडेला आहे. बाबांनी एंट्री ऑलरेडी भरलीय. यू हॅव टु टेक इट. पाटीपण आहे." आणि तिने ती पाटी दाखवली, तुझ्या सुबक अक्षरातली. १९६९ कॅमॅरो झी ट्वेंटी-एट, मूळ इंजिन, सगळे नंबर जुळणारे.

त्या पाटीवरचं खोटं आहे हे मला मागच्या वर्षापासून माहीत आहे. तेच तर मला सगळ्यांसमोर बोलायचं होतं. आणि आता तीच पाटी तुझ्या पोरीच्या हातात होती.

तुला सगळं माहीत आहे, पण अंक वाचणाऱ्यांना सांगायला हवं. तू आणि मी ॲरिझोनातल्या चँडलरच्या एका चिप बनवणाऱ्या कारखान्यात होतो. मी प्रोसेसवर, तू मशिनांच्या मेंटेनन्सवर. ७९ साली कॅन्टीनमध्ये तू माझ्यासमोर ट्रे ठेवलास आणि विचारलंस, "मराठी का?"

"हो."

"नाव?"

"प्रकाश."

"पूर्ण?"

"प्रकाश मेश्राम. नागपूर."

"अच्छा," म्हणालास. तो अच्छा केवढा लांब होता, ते मला आजही आठवतं. इथल्या गोऱ्या माणसाला माझ्या आडनावावरून काही कळत नाही. मला हा देश आवडला त्यात या गोष्टीचा मोठा वाटा होता. आणि इतक्या लांब आल्यावर पहिला मराठी माणूस भेटला, त्याने पहिल्या मिनिटात माझं कूळ तपासून घेतलं. पण लगेच तू डब्यातली अर्धी बटाट्याची भाजी माझ्या ताटात वाढलीस, हेही खरं. तुझ्याबाबतीत हीच पंचाईत होती. धड तिरस्कारही करता यायचा नाही.

गाड्या आपण ८१ साली घेतल्या. तेव्हा या दांडग्या इंजिनांच्या गाड्या कुणालाच नको होत्या. पेट्रोल पितात म्हणून लोक जपानी छोट्या गाड्या घेत होते आणि या बिचाऱ्या वाळवंटात कुणाच्या तरी घरामागे उन्हात पडलेल्या असायच्या. ॲरिझोनाचं ऊन रंग खातं, डॅशबोर्ड फोडतं, पण पत्र्याला गंज लागू देत नाही. तुला कॅमॅरो मिळाली, मला दोन महिन्यांनी १९७०ची चॅलेंजर. रंग जांभळा, इंजिन चारशे चाळीस क्यूबिक इंचांचं. ती घरी आणली तेव्हा तू तिच्याभोवती एक चक्कर मारलीस आणि म्हणालास, "वा, म्हैस छान आहे."

त्या दिवसापासून जे सुरू झालं ते सहा वर्षं थांबलं नाही. शनिवारी तुझ्या गराजमध्ये, रविवारी माझ्या, मधल्या दिवसांत कॅन्टीनमध्ये. तू म्हणायचास, कॅमॅरो अंगाने हलकी, वळणावर रुळावरून गेल्यासारखी जाते. मी म्हणायचो, तुझं इंजिन मिनिटाला चार हजार फेऱ्यांच्या खाली झोपलेलं असतं, सिग्नलवर शेजारची स्टेशन वॅगन पुढे जाते. तू म्हणायचास, संग्राहकाने गाडी घ्यावी ती जिचे भाग मिळतात अशी. कॅमॅरोचा आरसा तुटला तर कॅटलॉगमधून येतो, तुझ्या चॅलेंजरच्या एका पट्टीसाठी तू तीन राज्यं पालथी घालतोस. मी म्हणायचो, ज्याचे भाग घरोघरी मिळतात ते संग्रहात कशाला ठेवायचं? तू वळणाबद्दल बोलायचास, मी सरळ रस्त्याबद्दल. माझ्या गाडीचं नाक जड आहे, ती वळायला नाखूश असते, हे मला पहिल्या आठवड्यात कळलं होतं. पण तुझ्यासमोर ते मी मरेपर्यंत कबूल केलं नसतं. आता तूच आधी मेलास.

माझा सगळ्यात मोठा मुद्दा एकच होता आणि तो आला की तू विषय बदलायचास. चॅलेंजरच्या डॅशबोर्डवर जो नंबर ठोकलेला असतो त्यातलं पाचवं अक्षर सांगतं की कारखान्यातून कुठलं इंजिन बसून आलं. तुझ्या ६९च्या कॅमॅरोचा नंबर तसं काही सांगत नाही. साधी कॅमॅरो आणि शर्यतीसाठी काढलेली महागडी झी ट्वेंटी-एट, दोन्हींचा नंबर सारख्याच धाटणीचा. खरं-खोटं ठरतं ते इंजिनच्या ब्लॉकवर, म्हणजे त्याच्या लोखंडी धडावर, ठोकलेल्या आकड्यांवरून. "म्हणजे तुझी गाडी जे सांगेल ते ऐकून घ्यायचं," मी म्हणायचो. "माझी गाडी कागदासकट बोलते." तू हसून म्हणायचास, "अस्सल माल ओळखायला नजर लागते, मेश्राम." भांडण रंगलं की मी तुझ्या तोंडी प्रकाशचा मेश्राम व्हायचो. तुझ्या लक्षात तरी आलं होतं का ते?

आता त्या खंडेनवमीबद्दल.

८३ साली माझं इंजिन तेल गाळायला लागलं. आपण दोघांनी ते साखळीने वर घेऊन गाडीबाहेर काढलं आणि माझ्या गराजमध्ये स्टँडवर चढवलं. ते तसंच उघडं पडलं होतं. त्या वर्षी नवमी शनिवारी आली आणि दसरा रविवारी. आमच्यासाठी तो धम्मचक्र प्रवर्तनाचा दिवस. लॉस एंजलिसला आमची पाच-सहा कुटुंबं जमायची. सुजाता आणि मी शनिवारी सकाळीच निघालो. गराजची एक किल्ली तुझ्याकडे होतीच. पूजेचं मी तुला आधी कितीदा तरी सांगितलं होतं, हसत सांगितलं होतं, चिडून सांगितलं होतं. आमच्या घरात भिंतीवर बावीस प्रतिज्ञा लावलेल्या आहेत आणि त्या शोभेला नाहीत. आमच्याकडे कशाचीच पूजा होत नाही.

रविवारी संध्याकाळी परत आलो. गराजचं दार वर केलं तर इंजिन आरशासारखं चमकत होतं. ब्लॉकवर कुंकवाचं स्वस्तिक, खाली लिंबू, वर वहिनींच्या अंगणातल्या झेंडूची माळ. सुजाता दारातच थांबली. मी जवळ गेलो. तुमच्या भवानी पेठेतल्या लेथच्या कारखान्यात नवमीला प्रत्येक यंत्राची प्रत्येक सपाट बाजू पॉलिश पेपरने घासून तोंड दिसेल इतकी लख्ख करायची आणि मगच कुंकू लावायचं, ही रीत तू मला शंभरदा ऐकवली होतीस. तू ती रीत माझ्या इंजिनावर पाळलीस. ब्लॉकवर खालच्या कडेला, इंजिन याच गाडीचं आहे हे सांगणारे आकडे ठोकलेली एक सपाट पट्टी होती. तीही तू घासलीस. मी टॉर्च लावून बघितलं, बोट फिरवून बघितलं. तिथे काही उरलं नव्हतं.

तुला फोन केला तर तू धावत आलास. रागावलो की माझी नागपुरी बाहेर येते. "काऊन केलं तू हे? काऊन बे?"

"अरे, नवमी होती. यंत्र उघडं पडलेलं. म्हटलं, कोरडं कसं ठेवायचं, अपशकुन होतो यार."

"माझं यंत्र आहे ते! माझ्या घरात आहे! आणि नंबर कुठाय?"

तू वाकून बघितलंस. तुझा चेहरा पांढरा पडला. तेवढं मात्र मी बघितलं. मग तू सरळ उभा राहिलास आणि म्हणालास, "मशीन चालण्याशी मतलब. नंबरचं काय एवढं."

हे कोण म्हणत होतं? अनोळखी गाडी दिसली की आधी वाकून नंबर वाचणारा माणूस. मी विचारलं, "तू सगळ्या गाड्यांच्या नंबरांचे ठसे घेतोस. माझा घेतला होतास का?" नंबरवर कागद ठेवून वरून पेन्सिल घासायची, नाण्याचा काढतात तसा ठसा. तुझी फाइल भरलेली होती असल्या कागदांनी. तू म्हणालास, "राहून गेला रे." मी तुझ्यावर विश्वास ठेवला. स्वस्तिक सुजाताने रॉकेलच्या फडक्याने पुसलं.

तू कधी सॉरी म्हणाला नाहीस. ना पूजेबद्दल, ना नंबराबद्दल. उलट पुढच्या शोमध्ये मी गाडी ट्रेलरवर नेली, इंजिन शेजारी स्टँडवर, तर तू माझ्या खांद्यावर हात ठेवून लोकांना सांगितलंस, "ब्यूटिफुल कार. पण नंबर नाही हिला. शेम." कुणी विचारलं की कसा गेला, तर म्हणायचास, "लाँग स्टोरी." तो टोपीवाला म्हातारा परीक्षक माझ्या गाडीजवळ यायचा, ब्लॉकची पट्टी बघायचा, मान हलवायचा आणि शेजारी तुझ्या कॅमॅरोकडे जायचा. तिथे तू पाटी लावून उभा. मूळ, अस्सल, जुळणारे नंबर. मराठी कुटुंबं शो बघायला यायची तेव्हा तू त्यांनाही तेच समजावून सांगायचास, "घराणं असतं गाडीलासुद्धा." मी दोन हात अंतरावर उभा असायचो. मी तुझ्या मुलीचा काका, तुझ्या घरी दर शनिवारी जेवणारा. मला त्या वाक्यात काय ऐकू येत होतं ते तुला कळत नव्हतं, असं समजायला मी तयार नाही. तू बेफिकीर असशील, पण ठार आंधळा नव्हतास.

मग तुला सोडलं का नाही, असं सुजाता विचारते. सोडणार होतो. पण ८५ साली चिपचा धंदा बसला आणि माझी नोकरी गेली. पहिल्या सोमवारी सकाळी सहाला दारात तू, हातात थर्मास. "ऊठ. इंजिन आज गाडीत बसवायचं." शिफ्टला जायच्या आधी रोज दोन तास तू माझ्याकडे यायचास. तेव्हाच तू मला वेल्डिंग शिकवलंस. गिअरची ती पिस्तुलाच्या मुठीसारखी मूठ माझ्या गाडीला नव्हती, ती शोधायला तू तीन रविवार टूसॉनच्या भंगारवाड्यांत उन्हात फिरलास आणि मला कळू न देता आणून बसवलीस. पाच महिने तू मला घरात एकटा बसू दिलं नाहीस. त्या पाच महिन्यांत मी कशाने वाचलो ते मला चांगलं माहीत आहे. चॅलेंजर सुरू झाली, सगळी गल्ली थरथरली, तेव्हा आपण दोघं एकमेकांना मिठी मारून नाचलो होतो. आणि संध्याकाळी जेवताना तू म्हणालासच, "आता फक्त नंबर असता ना, तर..." सुजाताने तुझ्या ताटात भात इतक्या जोरात वाढला की वरण सांडलं.

मागच्या वर्षी तुझ्या गाडीचा अल्टरनेटर गेला. तो मी काढत होतो, तू घरात फोनवर होतास. तुझ्या गाडीच्या नंबरची पट्टी नेमकी अल्टरनेटरच्या मागे लपलेली असते, तो काढल्याशिवाय नीट दिसत नाही. मी सहज टॉर्च मारला. कारखान्यात ब्लॉकचा तो भाग कापताना त्यावर बारीक सरळ समांतर रेघा उमटतात. तुझ्या ब्लॉकवर रेघा नव्हत्या, गोल गोल ओरखडे होते. आणि आकडे वरखाली, एक जरासा तिरका. कुणीतरी पट्टी घासून घरी हातोडीने ठोकले होते. तुझी झी ट्वेंटी-एट साधी कॅमॅरो होती, खोटं नाव घेतलेली.

मी अल्टरनेटर परत बसवला आणि तुला काहीच बोललो नाही. तू बाहेर येऊन म्हणालास, "झालं का रे?" मी म्हणालो, "झालं." मनातून मला फार आनंद झाला होता. तुला ते माहीत नसेल, तुला कुणीतरी फसवलं असेल, असं मी धरून चाललो होतो. आता शोमध्ये सगळ्यांसमोर तुला ते माझ्याकडून कळणार होतं. हे लिहायला मला लाज वाटत नाही, ही मात्र थोडी लाजेची गोष्ट आहे.

फाइल मी घरी येऊन जेवणाच्या टेबलावर उघडली. सुजाता समोर बसली होती. ठसे, ठसे, कुणाकुणाच्या गाड्यांचे, प्रत्येकाखाली तुझं सुबक अक्षर. अगदी शेवटी दोन कागद एकत्र टाचलेले. पहिला तुझ्या कॅमॅरोचा. खाली लिहिलेलं: "आकडे नंतर ठोकलेले. ८२ साली समजलं. कुणाला सांगितलं नाही." दुसऱ्या कागदावर आकडे सरळ, खोल, स्वच्छ. खाली: "प्रकाशची चॅलेंजर. अस्सल. इंजिन उतरवलं त्या दिवशी घेतला."

तुझ्याकडे होता तो. चार वर्षं तुझ्याकडे होता. मी विचारलं त्या संध्याकाळीही तुझ्याकडे होता. एक कागद काढून त्या म्हाताऱ्यासमोर धरला असतास तर माझ्या गाडीचं नाव परत आलं असतं. तू मूग गिळून बसलास, कारण मग कुणीतरी दोन्ही गाड्यांचे आकडे शेजारी ठेवून बघितले असते आणि अस्सल कुठली हे उघड झालं असतं. स्वतःची खोटी आहे हे माहीत असताना तू माझ्या खांद्यावर हात ठेवून शेम म्हणत होतास, शरद. घासलंस ते चुकून, हे मी मान्य करतो. नवमीला तुझे हात डोक्याला विचारून चालत नाहीत. पण गप्प बसलास ते चुकून नव्हे.

सुजाताने कागद घेतला, वाचला, खाली ठेवला. "मेलेल्या माणसाशी भांडू नये म्हणतात," ती म्हणाली. "तुम्ही भांडा."

तर हे भांडण. आणि तू हे सगळं ठरवून केलंस, हे मला कळतंय. पाटी तिथे, फाइल इथे, चावी माझ्या हातात. तुला माझी माफी मागायची होती आणि ती मागायला तोंड उघडायचं नव्हतं. म्हणून गाडीच देऊन टाकलीस. मोठा दानशूर! मला नको तुझी गाडी. माफी तोंडाने मागायची असते आणि ती मागताना समोरच्याच्या डोळ्यांत बघावं लागतं. तू मेल्यावर सुटायची वाट बघितलीस आणि खरं बोलायचं काम माझ्यावर टाकलंस, ते पण तुझ्या पोरीसमोर. त्यासाठी मी तुला सगळ्यात कमी माफ करतो.

शनिवारी मी रेणूकडे गेलो. ती गाडी पुसत होती. मला बघून तिने विचारलं, "काका, ती खरी आहे ना? स्कूलमध्ये एक मुलगा म्हणतो अर्ध्या झी ट्वेंटी-एट फेक असतात."

रस्त्यात मी खोटं बोलायचं पक्कं केलं होतं. पोरीचा बाप जाऊन महिना झाला नव्हता. पण ती उत्तरासाठी माझ्याकडे बघत होती आणि खोटं ऐकून मी चार वर्षं काय भोगलं ते मलाच माहीत. मी दोन्ही ठसे तिच्यासमोर ठेवले. खालचं मराठी तिला वाचता येत नाही, ते मी वाचून दाखवलं. सगळं सांगितलं. नवमी, किल्ली, शेम, सगळं.

तिने दोन्ही कागद शेजारी शेजारी लावून पुन्हा बघितले. मग म्हणाली, "सो बाबा लाइड."

"हो."

"टु यू. फॉर फोर इयर्स."

"हो."

"व्हाय वुड ही डू दॅट? ही लव्ह्ड यू. तुम्ही एक शनिवार आला नाहीत तर ही वुड जस्ट वॉक अराउंड द हाउस."

चावी मी तिच्या हातात ठेवली आणि म्हणालो, गाडी तुझी, बापाची गाडी पोरीकडे राहू दे. मी फक्त माझा कागद घेतो. तिने ती पाटी उचलली, उलटी केली आणि मार्कर शोधायला लागली.

रविवारी कॅमॅरो मी चालवली, रेणू शेजारी. मागून चॅलेंजर घेऊन सुजाता. तुझी गाडी मी सहा वर्षांत एकदाही चालवली नव्हती, तू घे म्हणालास तरी. हायवेवरून उतरताना ते लांब वळण लागतं तिथे मी वेग कमी केला नाही, तुझी परीक्षाच बघायची होती. गाडी अशी वळली की मला स्टीअरिंग धरल्यासारखंही वाटलं नाही. वळणावर तुझी गाडी बरी आहे. एवढं कबूल करतो. सरळ रस्त्यावर अजूनही नाही.

शोमध्ये दोन्ही गाड्या शेजारी लावल्या. रेणूने तिची पाटी ठेवली. इंग्रजीत लिहिलं होतं: १९६९ कॅमॅरो. इंजिन मूळ नाही. माझ्या बाबांची. टोपीवाला म्हातारा आला, त्याने पाटी वाचली, टोपी काढली आणि रेणूला म्हणाला, गाडी सुरू करून दाखव. तिने केली. मग तो माझ्याकडे वळला. मी ठसा प्लॅस्टिकच्या पाकिटात घालून बॉनेटखाली ठेवला होता. त्याने चष्मा लावला, आकडे वाचले, डॅशबोर्डवरच्या नंबराशी एकेक करून जुळवले. खाली मराठी लिहिलेले असे ठसे त्याने तुझ्या फाइलमध्ये बघितले होते. त्याने विचारलं, हे शरदने घेतलं होतं? मी हो म्हणालो. त्याने वहीत काहीतरी लिहिलं, माझा हात हातात घेऊन दाबला आणि म्हणाला, हे आधी का नाही दाखवलंत?

या क्षणासाठी मी चार वर्षं थांबलो होतो. आणि तो आला तेव्हा मी डावीकडे वळून बघितलं, तुझा चेहरा कसा पडलाय ते बघायला. सवयीने बघितलं. तिथे रेणू उभी होती, तुझ्यासारखीच कमरेवर हात ठेवून.

तोंडावर सांगायला हवं होतंस, शरद. एवढंच करायचं होतं. एखाद्या शनिवारी चहा घेताना तो कागद टेबलावर टाकून म्हणायचं होतं, प्रकाश, चुकलं. मी खूप ओरडलो असतो. नागपुरीत शिव्या घातल्या असत्या. आठ दिवस तुझं तोंड बघितलं नसतं. आणि नवव्या दिवशी तुझ्या गराजमध्ये येऊन स्टुलावर बसलो असतो आणि म्हणालो असतो, चहा टाक.